कुरणातला हरभरा

२८ जून १९९८
केसर आली. माझी धाकटी नणंद. शिरड शहापूरला एस.टी.तून उतरून आमच्या बंजारा तांड्यापर्यंत चालत आली. डोक्यावर ट्रंक, हातात शेळीची दोरी. तिच्या नवऱ्यानं दुसरी केली. केसरला मूल होत नाही म्हणून.

सासूबाई दारात उभ्या राहिल्या. सगळा तांडा त्यांना याडीच म्हणतो, म्हणजे आई; मीही. पोरीला बघून नुसत्या बाजूला सरल्या. मी ट्रंक उतरवून घेतली. इतकी हलकी, की हात वरच गेला.

"भाभी, शेळी कुठं बांधू?" एवढंच विचारलं तिनं.

६ जुलै
शाळेत शिकवून घरी आले तर केसर अंधारात तोंड लपवून बसलेली. डोळ्यांच्या पापण्या सुजलेल्या, कोपरापर्यंत हात लालभडक. शेळी घेऊन कुरणात गेली होती.

कुरण म्हणजे नाल्याकडचं आमचं दोन एकर. सासऱ्यांच्या गायी तिथं चरायच्या. सासरे गेले, गायी गेल्या, आता कमरेइतकं गाजरगवत. पांढरी फुलं लांबून बघायला बरी वाटतात.

औंढ्याच्या डॉक्टरांनी मलम दिलं. म्हणाले, त्या गवताजवळ पाठवू नका, दमा लागेल.

रात्री ह्यांनी भाकरी अर्धी ठेवली. बहिणीच्या हातांकडं बघत बसले.

१९ जुलै
हे वसमतहून गवत मारायचं औषध घेऊन आले. पुडीतली पांढरी पावडर. पंप शेजारच्या गावातून मागून आणला. आधी सगळं गाजरगवत विळ्यानं कापलं, मग ओल्या जमिनीवर फवारा. दिवसभर. नाल्याच्या टोकाला बाभळीखाली गायी बसायच्या ती जागा तेवढी सोडली. तिथं गाजरगवत नव्हतंच.

केसर धुऱ्यावर, रानाच्या बांधावर येऊन उभी राहिली तर ओरडले, "घरी जा! वास घेऊ नको!"
तिला हसू आलं. भावाला ती भिया म्हणते. म्हणाली, "भिया लहानपणी बी असाच वरडायचा."

१६ ऑगस्ट
कापलेल्या गाजरगवताला फुटवा आला. हे परत पंप घेऊन निघाले. ह्या वेळी टाकीत पावडर अंदाजानं ओतली.
मी म्हटलं, पुडीवर किती लिहिलंय?
"जाऊ दे की मुळापासून एकदाचं."

केसरचे हात निवळले. कडुलिंबाचा पाला उकळून रोज धुते. सीमा तिच्यामागं मागं असते. पाच वर्षांचं माझं लेकरू, आईला सोडून आत्याच्या कुशीत झोपायला लागलंय. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटत नाही.

२० सप्टेंबर
आज जेवताना हे म्हणाले, "केसर, कुरण नांगरून देतो. तू कर. पिकंल ते तुझं."
सगळ्यांच्या समोर. याडींच्या समोर.
केसर उठून बाहेर गेली. आम्हाला वाटलं रुसली. बऱ्याच वेळानं आली, तोंड धुतलेलं, आणि मलाच विचारते, "हरभरा यील का गं तिथं?"

२२ ऑक्टोबर
दिवाळी झाली. आज पेरणी. तिफण ह्यांनी धरली, चाड्यावर, बी सोडायला, मूठ केसरची. बी इतकं सारखं सोडत होती की हे मागं वळून बघतच नव्हते. रविवार नाही, तरी मी अर्धी रजा टाकली. उगंच. बघायला.

३ नोव्हेंबर
उगवलं! केसरनं शाळेच्या खिडकीतून हाक मारली. पोरं हसली. मी तास सोडून गेले नाही, पण मधल्या सुट्टीत पळाले. तासच्या तास हिरवे, पेरणीची ओळ न् ओळ. ती एकेका रोपाजवळ वाकत होती, हात मात्र लावत नव्हती.

१५ नोव्हें.
खालची पानं पिवळी पडताहेत. कडेपासून आत. ह्यांना वाटलं मर रोग. दोन रोपं उपटून बघितली. मुळं पांढरी, चांगली. मग काय झालं?
पाणी म्हणावं तर ओल आहे. कीड म्हणावं तर पानाला भोक नाही.

२४ नोव्हें.
गेलं. पिवळं होऊन, मग कागदासारखं पांढरं होऊन जमिनीवर झोपलं. बाभळीखालचे चार तास तेवढे हिरवेगार. बाकी सगळं रान पेरलंच नव्हतं असं.

हापशावर बायांची कुजबुज कानावर आली. पायगुण.
संध्याकाळी याडी घरात तेच बोलल्या. "वांझ हाताची मूठ चाड्यावर. दुसरं काय व्हनार." हे सगळं आपल्या बोलीत बोलल्या. माझ्या हाताला लिहिताना मराठीच येतं. आमच्या बोलीत ते आणखी टोचतं.

केसर भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. ती भाकरी तव्यावर टाकली, दुसरी घेतली. मला वाटलं आता रडेल, आता उठेल. सगळ्या भाकरी करून झाल्यावर म्हणाली, "भाभी, तू वाढ. मला भूक न्हाई."

२८ नोव्हें.
ऊसतोडीची टोळी तीन दिवसांनी निघणार. केसरनं मुकादमाला सांगून टाकलंय, टोळीचा सैपाक करायला येते.
"काहून?" मी विचारलं.
"हितं राहून तुमचं बी रान जाळू का मी?"
मी चिडले. म्हटलं, तू शिकली नाहीस, पण मी शिकलेय, असं पायानं रान जळत नसतं.
"मंग कशानं जळलं?"


तिनं ट्रंक काढली. सीमा तिच्यावर जाऊन बसली आणि उठेना. शेवटी तशीच तिथं झोपली. केसरनं तिला उचललं, ट्रंक आहे तशी राहिली.

२९ नोव्हें.
रविवार. ह्यांना म्हटलं, चला कुरणात. येईनात. ओढूनच नेलं म्हणावं लागेल.
बाभळीपाशी उभे राहिलो. पायाखाली हिरवं, दोन पावलं पुढं उजाड. मधे सरळ रेघ, कुणी दोरी धरून आखल्यासारखी. बाभळीची सावली काही सरळ पडत नाही.

मी म्हटलं, बी एकच. मूठ एकच. मग ही रेघ कशाची?
हे कितीतरी वेळ रेघेकडं बघत होते. मग खाली बसले.
"हितं मी मारलं न्हवतं," म्हणाले. "हितपर्यंत आलतो न्... हितून पंप बंद केलता."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, उघड्या रानात पहिल्यांदा.

३० नोव्हें.
हे पहाटे वसमतला गेले, दुपारी आले. दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, ते औषध ज्वारी-मक्यातलं. ज्वारीला काही होत नाही. हरभऱ्याला, भाजीपाल्याला चालत नाही.
"जमिनीत राहतं म्हने."
"किती दिवस?"
"तेला बी ठाव न्हाई. जमीन कशी, पाऊस किती, तुमी टाकलं किती, त्याच्यावर हाय म्हने."
टाकलं किती. ते शब्द त्यांनी हळू म्हटले.

चहा न घेता उठले. मला वाटलं रानात चालले. हापशावर गेले! बाया पाणी भरत होत्या. पुरुष माणूस तिथं जाऊन उभा राहत नाही. मी दारातून बघत होते. याडी घागर घेऊन रांगेत.

"आयका," हे म्हणाले. "कुरणात गवताचं औषध मी मारलं. दोन बारी. अंदाजानं, जास्तीचं. हरभरा त्यानं गेला. माझ्या बहिणीचा पाय वंगाळ न्हाई, तिची मूठ वंगाळ न्हाई. ज्याला बोलायचं त्यानं मला बोला."

कुणीतरी फिसकन हसलं. हापशाचा दांडा तेवढा वरखाली होऊन थांबला.
याडींनी घागर उचलली. रिकामीच. घराकडं आल्या, माझ्या बाजूनं आत गेल्या.

संध्याकाळी केसर ह्यांना म्हणाली, "भिया, मला आदी काहून न्हाई सांगितलं?"
"मलाच ठाव न्हवतं गं."
"माझ्यासाठीच मारलंतास ना?"
ह्यांची मान खाली.
"मंग झालं," ती म्हणाली, आणि त्यांच्या ताटात कालवण वाढलं.

१ डिसेंबर
टोळी गेली. केसर गेली नाही.

१२ जानेवारी १९९९
कृषी सहायक तांड्यावर आले होते. तरुण आहे, मोटारसायकलवर. ह्यांनी सगळं सांगितलं. तो म्हणाला, जमिनीत औषध उरलंय का हे बघायचं तर मोठी तपासणी कशाला, डब्यांत माती भरा, हरभरा टाका, उगवल्यावर महिनाभर बघा. रान सुधारायला शेणखत भरपूर, आणि येत्या पावसाळ्यात ज्वारी.
केसरनं पदर सावरून विचारलं, "म्हंजी रान मरलं न्हाई?"
"नाही हो ताई. आजारी आहे."
तिला ताई म्हणाला. ती दिवसभर तेच सांगत होती, "आजारी हाय म्हने." कुणाच्या तरी दुखण्याला उतार पडल्यासारखं.

१५ जाने.
तेलाचे तीन डबे. बुडाला भोकं पाडली. एकात बाभळीखालची माती, एकात मधली, एकात धुऱ्याजवळची. ओसरीत ओळीनं ठेवले, प्रत्येकात मूठभर हरभरा.
मला आमचा तीजचा सण आठवला. श्रावणात आम्ही कुंवार पोरी टोपलीत गहू पेरायचो, गाणी म्हणत पाणी घालायचो, कुणाचा जास्त वर आला ते बघायचो. केसरला म्हटलं तर हसली. "माझा गहू सगळ्यात उंच यायचा, भाभी. सगळ्या म्हनायच्या, हिला राजा मिळनार."


३० जाने.
एक गंमत, म्हणजे गंमत नाही. पहाटे उठले तर याडी डब्यांना पाणी घालताहेत. तांब्यातून, हाताच्या ओंजळीनं, थेंब थेंब. मला बघून म्हणाल्या, "पोरगी निजली हाय. वाळंल म्हनून."
मी केसरला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर याडींनी दुसऱ्या दिवसापासून घातलं नसतं.

१४ फेब्रु.
बाभळीचा डबा हिरवा. धुऱ्याजवळचा अर्धा पिवळा. मधला गेला.
केसर मधल्या डब्याजवळ बसून होती. मी विचारलं वाईट वाटतं का?
"न्हाई. आता कळलं ना कुठं दुखतं ते."

मे
उन्हाची लिहायची शुद्ध नाही. धनगरांची मेंढरं कुरणात बसवली. शेणखताच्या गाड्या हे आणि केसर दोघं ओढताहेत. जिल्हा वेगळा झाला, शाळेच्या कागदावर आता हिंगोली लिहायचं. दोनदा चुकून परभणीच लिहिलं.

२२ ऑगस्ट
ज्वारी केसरच्या डोक्याच्या वर. त्याच रानात! आत गेली की दिसतच नाही, नुसती हाक येते. सीमा न् ती लपाछपी खेळतात. सव्वीस वर्षांची बाई.

७ डिसेंबर
केसरच्या ज्वारीची पहिली भाकरी आज. याडींनीच दळलं, याडींनीच थापली. पहिली भाकरी केसरच्या ताटात टाकली, वर तुपाचं बोट.
"खा," म्हणाल्या. "तुझी हाय."
केसर खाईना. याडींकडं बघत राहिली. मग भाकरी मोडली, अर्धी याडींच्या हातात दिली. दोघी तशाच चुलीपुढं खात बसल्या, एकमेकींकडं न बघता. मी भांडी घेऊन बाहेर आले. आत माझं काम नव्हतं.

१० जानेवारी २०००
ह्या हिवाळ्यात हरभरा पेरला नाही. परत डबे लावले होते. मधल्या डब्यातली पानं ह्या वेळी उशिरा पिवळी पडली आणि सगळी नाही पडली. हे म्हणाले, अजून एक पावसाळा जाऊ दे. केसर म्हणाली, "जाऊ दे. मला कुठं जायचंय."

८ ऑक्टोबर २०००
पाहुणे आले. आखाडा बाळापूरकडून. केसरचा सासरा आणि नवरा, धनराज. दुसरी बायको निघून गेली म्हणे, तिलाही मूल नाही. दोष कुणाचा ते आता सगळ्यांना कळलंय, पण बोललं कुणीच नाही. धनराजनं एक साडी आणलेली, कागदात गुंडाळून. हातातच धरून बसला होता, ठेवायची कुठं ते कळेना.

सासरा म्हणाला, झालं गेलं विसरा, लेक पाठवा.
ह्यांचा चेहरा काळा पडला. म्हणाले, "लेकीला इचारा. मी कोन?"
केसर चहा घेऊन आली. सगळ्यांना दिला, धनराजला शेवटी. म्हणाली, "मला हरभरा पेरायचाय. उगवल्यावर सांगते."
सासरा म्हणाला, "हरभऱ्याचा काय संबंध?"
"तुमाला न्हाई कळनार."
धनराज मात्र मान हलवत होता, कळल्यासारखा. साडी खुर्चीवर ठेवून गेला. केसरनं ती माझ्या कपाटात ठेवायला दिली. "तुझ्याजवळ राहू दे, भाभी."

९ ऑक्टो.
याडी म्हणतात, जावं तिनं. बाईला नवरा पाहिजे. मग लगेच म्हणतात, कशाला जायचं, तिथं काय हाय. दिवसातून दोन्ही.

१७ ऑक्टो.
पेरलं. पूर्ण दोन एकर, मधल्या पट्ट्यासकट. सहायक म्हणाला होता मधलं सोडा. केसर म्हणाली, "त्याला सोडून कसं कळनार?" मूठ तिचीच.

३० ऑक्टो.
दिवाळी झाली. उगवण चांगली. पण उगवलं तर तेव्हाही होतं. आता खरी परीक्षा. केसर दिवसातून तीन वेळा जाते. हे जातच नाहीत. धुऱ्यापर्यंत जाऊन परत येतात.

९ नोव्हें.
तेव्हा ह्याच वयाला हरभरा पिवळा पडला होता.
आज मीच गेले पहाटे, एकटी. वाकून खालची पानं बघितली. हिरवी. दव होतं, हरभऱ्याची आंब पायाच्या बोटांना झोंबली. मधल्या पट्ट्यात कुठं कुठं कडा पिवळी, तिथं थांबले नाही. परत येताना धुऱ्यावर हे उभे. विचारलं नाही त्यांनी, माझ्या तोंडाकडं बघितलं फक्त. मी मान हलवली. बसले खाली. रडले. मी बाजूला उभी राहिले, कुणी येतंय का बघत.

१४ नोव्हें.
केसर संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली. मी वह्या तपासत होते.
"भाभी, तो वंगाळ न्हाई. धनराज. मला कदी हात न्हाई लावला मारायला. बापाला भितो नुसता."
"मग जाणार तू?"
"म्या कुठं म्हनलं."
माझी एक वही सरळ करत म्हणाली, "हितं मला सगळं हाय. रान हाय. सीमा हाय. याडी आता... पन भाभी, तुला भिया हापशावर गेलेला आठवतो? तसं धनराज त्याच्या बापापुढं एकदा जरी..."
वह्यांचा गठ्ठा तिनं माझ्याकडं सरकवला.
"तू काय केलं असतंस?" तिनं विचारलं.
मी पुढची वही उघडली. शाळेत रोज शंभर प्रश्नांची उत्तरं देते.

१८ नोव्हें.
निरोप आला. धनराज सोमवारी येणार. एकटाच येतो म्हणे, बापाला न घेता. निरोप्यानं दोनदा सांगितलं, एकटाच.
केसरनं ऐकून घेतलं. शेळीला पाला टाकायला गेली.

१९ नोव्हें.
रविवार. केसर, मी आणि याडी, तिघी हरभऱ्याचे शेंडे खुडायला गेलो. आता खुडलं की फुटवे फुटतात. याडींना वाकवत नाही, बसून खुडत होत्या, तासातून सरकत सरकत. मधला पट्टा फिक्का आहे, कुठं बरा, कुठं गेलेला. केसरनं तिथला एकही शेंडा खुडला नाही. "त्याला अजून जोर धरू दे," म्हणाली.

ओटी भरून भाजी निघाली. हातांना आंब चढली, पाण्यानं जाईना. घरी येऊन केसरनं भाजी निवडली. निम्मी आजच्या चुलीवर शिजायला टाकली. निम्मी ओल्या फडक्यात बांधली, माठाच्या बुडाशी गारव्याला ठेवली.

उद्या सोमवार. ती भाजी धनराजच्या ताटात पडणार, की त्याच्या एकट्याच्या हातात बांधून देणार, की ती घेऊन दोघं वाटेला लागणार, मी विचारलं नाही. याडींनी विचारलं.
"बघू की," केसर म्हणाली, आणि फडक्यावर आणखी थोडं पाणी शिंपडलं.